रिपोर्टमधली एम्बेडेड चित्रं काढायची, पण रिपोर्ट मोडू द्यायचा नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग सर्व्हिसेस या रिपोर्ट सर्व्हरवर काहीशे आरडीएल फाइल्स (रिपोर्टची मांडणी लिहिलेल्या फाइल्स) आहेत. बहुतेकांमध्ये जुना लोगो आणि आणखी काही चित्रं एम्बेड केलेली, म्हणजे फाइलच्या आतच साठवलेली आहेत. ती सगळी स्क्रिप्टने किंवा एखाद्या टूलने एकदम काढून टाकायची आहेत. एकेक फाइल रिपोर्ट बिल्डरमध्ये उघडत बसणं शक्य नाही, आणि एकही रिपोर्ट बिघडता कामा नये. सुरक्षित पद्धत कोणती?

यात चित्र काढणं हा सोपा भाग आहे. आरडीएल म्हणजे शेवटी एक्सएमएल फाइल, म्हणजे टॅगांनी मांडलेला मजकूर, त्यातला एक तुकडा उडवायला चार-पाच ओळींची स्क्रिप्ट पुरते. अवघड आहे ते त्या चित्रावर रिपोर्टमध्ये कोण कोण विसंबून आहे हे शोधणं. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगतो: ज्या चित्राचे सगळे संदर्भ टूलला सापडले आणि समजले, तेवढंच चित्र त्याने काढावं. जिथे शंका असेल ती फाइल जशीच्या तशी ठेवावी आणि तिचं नाव यादीत टाकून माणसाकडे द्यावं. सगळ्याच्या सगळ्या फाइल्स आपोआप उरकून टाकणारं टूल मी वापरत नाही.

पुढे जाण्याआधी तुम्हीच ठरवायची एक गोष्ट आहे: चित्रं काढायची कशासाठी? कारण वेगळं असेल तर पद्धतही वेगळी निघते. फाइल्स जड झाल्यात म्हणून काढायची असतील, तर फक्त मोठी चित्रं काढूनही काम भागतं. चित्र फाइलमध्ये बेस-६४ म्हणजे अक्षरांच्या रूपात साठवलेलं असतं, त्यामुळे त्याचा आकार मुळापेक्षा साधारण एक तृतीयांशाने वाढतो, आणि कुणीतरी बीएमपी फाइल जशीच्या तशी चिकटवलेली असली की एकटी तीच सगळ्यांत जड निघते. जुना लोगो बदलायचा असेल, तर खरं तर काढायचं नाहीच, बदलायचं आहे. आणि चित्र म्हणजे कुणाची सही किंवा शिक्का असेल, तर प्रश्न गोपनीयतेचा होतो. तिथे फक्त आरडीएल साफ करून भागत नाही, त्याकडे शेवटी येतो.

आता चित्र फाइलमध्ये कुठे राहतं ते पाहू. रिपोर्टच्या मुळाशी ‘एम्बेडेडइमेजेस’ नावाचा टॅग असतो. त्यात प्रत्येक चित्राला एक नाव, एक माइमटाइप (चित्राचा प्रकार) आणि ‘इमेजडेटा’मध्ये बेस-६४ मजकूर. ही झाली कोठी. वापर दुसरीकडे होतो: रिपोर्टच्या बॉडीत, हेडरमध्ये, फूटरमध्ये किंवा टॅब्लिक्सच्या (रिपोर्टमधल्या टेबलच्या) एखाद्या सेलमध्ये ‘इमेज’ हा घटक असतो, त्याचा ‘सोर्स’ एम्बेडेड असतो आणि ‘व्हॅल्यू’मध्ये कोठीतल्या चित्राचं नाव. कोठीतून चित्र काढलं आणि वापर तसाच राहिला तर रिपोर्ट मोडतो. उलट, वापर काढला आणि कोठीत चित्र राहिलं तर रिपोर्ट छान चालतो, फक्त फाइल तेवढीच जड राहते. यातून कामाचा क्रम आपोआप ठरतो: आधी वापर, मग कोठी.

बहुतेक स्क्रिप्ट चुकतात त्या इथे, की त्या फक्त ‘इमेज’ नावाचा टॅग शोधतात. पण एम्बेडेड चित्र पार्श्वभूमी म्हणूनही वापरता येतं. टेक्स्टबॉक्स, रेक्टँगल, टॅब्लिक्स, अगदी बॉडीच्या स्टाइलमध्येसुद्धा ‘बॅकग्राउंडइमेज’ असू शकते. गेज, इंडिकेटर आणि नकाशावरच्या खुणा यांच्यातही चित्रं बसवता येतात. म्हणून टॅगच्या नावाने शोधूच नका. ज्या कुठल्या टॅगच्या आत ‘सोर्स’ हा उपटॅग आहे आणि त्याची किंमत ‘एम्बेडेड’ आहे, तो प्रत्येक टॅग म्हणजे एक संदर्भ, मग त्याचा बाप कुणीही असो. एवढा एक बदल केला तरी निम्मी डोकेदुखी जाते.

उरलेल्या निम्म्या डोकेदुखीचं नाव एक्स्प्रेशन. ‘व्हॅल्यू’मध्ये साधं नाव असेल तर प्रश्नच नाही. पण तिथे सूत्रही लिहिता येतं. समजा एका रिपोर्टमध्ये प्रत्येक ओळीपुढे लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका आहे. कोठीत ‘ठिपका_लाल’, ‘ठिपका_पिवळा’, ‘ठिपका_हिरवा’ अशी तीन चित्रं आहेत, आणि इमेजच्या व्हॅल्यूमध्ये बरोबरच्या (=) चिन्हाने सुरू होणारं सूत्र आहे: ‘ठिपका_’ हा मजकूर अधिक स्थितीच्या फील्डमधली किंमत. या फाइलमध्ये ‘ठिपका_लाल’ हे पूर्ण नाव कोठीखेरीज कुठेच लिहिलेलं नसतं. टूल शोधेल, त्याला काही मिळणार नाही, आणि ‘तिन्ही चित्रं कुणी वापरत नाही’ असं सांगून ती उडवेल. त्यात आणखी वाईट म्हणजे हा बिघाड लगेच दिसत नाही. साधं नाव चुकलं तर रिपोर्ट सर्व्हरवर चढवतानाच चूक कळते. सूत्राचं उत्तर मात्र रिपोर्ट चालल्यावरच ठरतं, त्यामुळे फाइल निमूट चढते आणि वापरणाऱ्याला ठिपक्याच्या जागी फुटक्या चित्राची खूण दिसते. लाल ओळ महिन्यातून एकदाच येत असेल, तर कळायलाही महिना लागतो.

कधी सूत्रही साधं नसतं. ते रिपोर्टच्या ‘कोड’ टॅगमधल्या फंक्शनला हाक मारतं आणि चित्राचं नाव त्या फंक्शनच्या पोटात असतं. म्हणून माझा नियम कडक आहे. एम्बेडेड सोर्स असलेल्या कुठल्याही संदर्भाची किंमत बरोबरच्या चिन्हाने सुरू होत असेल, तर त्या फाइलमधल्या एकाही चित्राला टूलने हात लावायचा नाही. फाइल सरळ माणसाच्या ढिगात. सूत्र वाचून त्यातली नावं ओळखणारी हुशार स्क्रिप्ट लिहिता येते, पण तिच्यावर घालवलेला वेळ अशा फाइल्स डोळ्यांनी पाहण्यापेक्षा बहुतेक वेळा जास्तच जातो.

याच्या उलटही एक प्रकार आढळतो. कोठी रिकामी, तरी फाइल जड. अशा वेळी इमेजचा सोर्स ‘डेटाबेस’ केलेला असतो आणि व्हॅल्यूच्या सूत्रातच लांबलचक बेस-६४ मजकूर घालून तो बाइट्समध्ये बदललेला असतो. कोठी तपासणाऱ्या टूलला हे दिसणारच नाही. यादी करताना फाइलचा एकूण आकार आणि कोठीचा आकार शेजारी शेजारी मांडा. मोठा फरक दिसला की उघडून बघा.

आता मुख्य निर्णय: चित्र खरंच काढायचं, की त्याच्या जागी रिकामं चित्र ठेवायचं? शक्य असेल तिथे मी दुसरं करतो. चित्राचं नाव, त्याचे संदर्भ, जागा, मापं, सगळं तसंच ठेवायचं. फक्त ‘इमेजडेटा’मध्ये एक पिक्सेलच्या पारदर्शक पीएनजीचा बेस-६४ मजकूर घालायचा आणि माइमटाइप पीएनजीचा करायचा. हा मजकूर शंभरेक अक्षरांत मावतो. फाइल हलकी होते, जुनं चित्र जातं, मांडणी हलत नाही आणि संदर्भ तुटण्याचा प्रश्नच उरत नाही. सूत्रांच्या फाइल्समध्येसुद्धा ही पद्धत रिपोर्ट मोडत नाही, पण तिथे ठिपक्याचा अर्थच नाहीसा होतो, म्हणून त्या माणसाच्याच ढिगात ठेवाव्यात. लोगो बदलायचा असेल तर पारदर्शक चित्राऐवजी नवा लोगो, बाकी कृती तीच.

यात दोन गोष्टी बघायच्या. एक, इमेजचं ‘सायझिंग’. ते ऑटोसाइझ असेल तर घटक चित्राच्या मापाप्रमाणे बदलतो, मग एक पिक्सेलचं चित्र मांडणी बिघडवू शकतं. फिट, फिटप्रपोर्शनल आणि क्लिप यांत चौकट आहे तशीच राहते. दोन, ‘टूलटिप’. एचटीएमएलमध्ये रिपोर्ट दाखवताना तो चित्राचा पर्यायी मजकूर म्हणून जातो. चित्र अदृश्य झालं तरी स्क्रीनरीडर वापरणाऱ्याला ‘कंपनीचा लोगो’ ऐकू येत राहील. तो मजकूरही त्याच फेरीत रिकामा करा.

पूर्ण काढायचंच असेल, कारण इमेजचा घटकही नको आहे, तर मागे उरणाऱ्या रिकाम्या जागांचा विचार करावा लागतो. ‘रिपोर्टआयटम्स’मध्ये तो एकच घटक होता आणि तो गेला, तर रिकामा ‘रिपोर्टआयटम्स’ टॅग स्कीमाला, म्हणजे आरडीएलच्या रचनेच्या नियमांना, चालत नाही, तोही काढावा लागतो. हेच ‘एम्बेडेडइमेजेस’चं: शेवटचं चित्र गेलं की रिकामी कोठी मागे ठेवू नका. टॅब्लिक्सच्या सेलमधून चित्र काढताना तिथे रिकामा टेक्स्टबॉक्स बसवा, त्याला त्या रिपोर्टमध्ये इतर कुठे नसलेलं नाव द्या. हेडरमधला लोगो काढला तरी हेडरची उंची तशीच राहते, आणि ती मी राहू देतो. ती कमी केली की पानावर बसणाऱ्या ओळी बदलतात आणि पानांची संख्याही बदलते. आणि त्या चित्रावर ‘अ‍ॅक्शन’ लावलेली असेल, म्हणजे त्यावर क्लिक केलं की दुसरा रिपोर्ट उघडत असेल, तर ते नुसतं चित्र नाही, ते बटण आहे. ती फाइलही माणसाच्या ढिगात.

एक्सेलचं वेगळं सांगायला हवं, कारण हे फार कमी लोक तपासतात. रिपोर्ट एक्सेलमध्ये काढला की स्तंभ कुठे पडायचे ते रिपोर्टवरच्या घटकांच्या कडांवरून ठरतं. लोगोची डावी-उजवी कड टेबलच्या कडांशी जुळत नसेल, तर तिच्यामुळे एखादा जास्तीचा अरुंद स्तंभ तयार होतो आणि सेल मर्ज होतात. लोगोचा घटक काढला की तो स्तंभ नाहीसा होतो, आणि काल ‘एफ’ स्तंभात असलेली रक्कम आज ‘ई’मध्ये येते. दिसायला रिपोर्ट आधीपेक्षा नीटनेटका. पण त्या एक्सेलवर कुणाचा मॅक्रो किंवा आयात करणारी प्रक्रिया बसलेली असेल, तर ती चुकीचा स्तंभ उचलेल, तेही कुठलीच चूक न दाखवता. घटक जागेवर ठेवून आतलं चित्रच बदलायची पद्धत मला जवळची वाटते, त्याचं हे एक मोठं कारण.

टूल कुठलं वापरावं, यावर माझा आग्रह एवढाच की एक्सएमएल समजणारं वापरा. रेग्युलर एक्स्प्रेशनने शोधा-बदला करू नका. पण नुसता पार्सर (एक्सएमएल वाचणारा कोड) वापरला म्हणजे झालं असंही नाही. पायथॉनच्या प्रमाण संचातलं एलिमेंटट्री फाइल परत लिहिताना नेमस्पेसचे (टॅग कुठल्या संचातला ते सांगणाऱ्या नावाचे) उपसर्ग स्वतःच्या मर्जीने बदलतं. २०१६ च्या स्कीमातल्या आरडीएलमध्ये मुळाच्या टॅगवर ‘मस्टअंडरस्टँड’ नावाचं अ‍ॅट्रिब्यूट असतं आणि त्याची किंमत म्हणजे एका नेमस्पेसचा उपसर्ग, ‘डीएफ’. एलिमेंटट्रीच्या हातून डीएफ हा उपसर्ग बदलतो, अ‍ॅट्रिब्यूटमधला मजकूर मात्र तोच राहतो, आणि आता तो अस्तित्वात नसलेल्या उपसर्गाकडे बोट दाखवतो. तुम्ही चित्राशिवाय कशालाही हात लावला नाही असं समजता आणि फाइल चढत नाही. पायथॉनचीच एलएक्सएमएल लायब्ररी उपसर्ग जपते. डॉट नेटमध्ये एक्सएमएलडॉक्युमेंट वापरत असाल, तर फाइल वाचण्याआधी ‘प्रिझर्व्हव्हाइटस्पेस’ चालू करा, नाहीतर सगळी फाइल नव्याने मांडली जाते आणि आधीच्या-नंतरच्या तुलनेत खरा बदल दिसेनासा होतो. आणखी एक: २००५, २००८, २०१० आणि २०१६ अशा वेगवेगळ्या वर्षांच्या स्कीमांचे नेमस्पेस वेगळे असतात. स्क्रिप्टमध्ये एकच नेमस्पेस ठोकून बसवला, तर बाकीच्या फाइल्समध्ये तिला ‘चित्र नाही’ असंच उत्तर मिळेल. नेमस्पेस फाइलच्या मुळाच्या टॅगवरूनच उचला.

एन्कोडिंगवर (अक्षरं फाइलमध्ये कशी साठवली जातात त्यावर) विशेष लक्ष द्या, कारण याचा फटका आपल्यासारख्यांनाच जास्त बसतो. विंडोज पॉवरशेलच्या ५.१ आवृत्तीत सेट-कंटेंटने फाइल लिहिली तर ती यूटीएफ-८ मध्ये नाही, जुन्या एएनएसआयमध्ये लिहिली जाते, आणि आउट-फाइलने लिहिली तर यूटीएफ-१६ मध्ये. पहिल्या प्रकारात रिपोर्टमधल्या देवनागरी मथळ्यांची सरसकट वाट लागते, दुसऱ्या प्रकारात फाइलच्या पहिल्या ओळीत यूटीएफ-८ लिहिलेलं आणि आत भलतंच. फाइल लिहिण्याचं काम एक्सएमएल लायब्ररीच्याच सेव्हवर सोपवा, मजकूर म्हणून लिहू नका.

आता प्रत्यक्ष कामाकडे. फाइल्स घ्यायच्या त्या सर्व्हरवरून, सोर्स कंट्रोलमधून (फाइल्सच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यातून) नाही. कुणीतरी कधीतरी थेट सर्व्हरवरचा रिपोर्ट बदललेला असतोच, आणि सोर्स कंट्रोलमधली प्रत साफ करून चढवली की तो बदल पुसला जातो. पॉवरशेलच्या रिपोर्टिंगसर्व्हिसेसटूल्स मॉड्यूलने अख्खं फोल्डर उतरवता येतं. ही उतरवलेली प्रत हाच बॅकअप, तिला पुन्हा हात लावायचा नाही. टूलने नव्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये लिहायच्या.

पहिल्या फेरीत काहीच बदलायचं नाही, फक्त यादी करायची. प्रत्येक चित्रासाठी फाइलचं नाव, चित्राचं नाव, आकार, संदर्भ किती आणि कसले, आणि बेस-६४ उलगडून काढलेल्या बाइट्सचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे त्या बाइट्सचा ठसा. हॅश महत्त्वाचा, कारण चित्राच्या नावावर विश्वास ठेवता येत नाही. एका फाइलमधलं ‘लोगो’ आणि दुसरीतलं ‘इमेज३’ हे एकच चित्र असू शकतं, आणि दोन फाइल्समधली ‘लोगो’ नावाची चित्रं पूर्ण वेगळी. हॅशप्रमाणे गट पाडले की शेकडो चित्रांचे मोजके गट उरतात. प्रत्येक गटातलं एक चित्र बाहेर काढून एका पानावर मांडा आणि डोळ्यांनी बघा. ‘हे काढायचं, हे ठेवायचं’ हा निर्णय तिथे माणसाने घ्यायचा, आणि टूलला मंजूर हॅशची यादी द्यायची. त्या यादीबाहेरच्या चित्राला टूलने स्पर्शही करू नये. तोच लोगो वेगवेगळ्या वेळी सेव्ह केलेला असेल तर हॅश वेगळे येतात, म्हणजे गट थोडे वाढतात. वाढू द्या. दिसायला सारखी चित्रं आपोआप एकत्र करायच्या भानगडीत इथे पडू नये.

बदल झाल्यावरची तपासणी मी तीन पायऱ्यांत करतो. पहिली फाइलच्या पातळीवर: जुन्या आणि नव्या फाइलमधून फक्त मंजूर बदलांच्या जागा वगळून उरलेला मजकूर ताडायचा, तो तंतोतंत एकच हवा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी ती फाइल बाद. त्याच वेळी टूल नव्या फाइल्सवर पुन्हा चालवून बघा, दुसऱ्या फेरीत बदल शून्य आले पाहिजेत. दुसरी पायरी, चाचणीच्या फोल्डरमध्ये सगळ्या फाइल्स चढवायच्या आणि सर्व्हरने दिलेल्या सूचना वाचायच्या. तिसरी, तेच पॅरामीटर देऊन जुना आणि नवा रिपोर्ट पीडीएफ आणि एक्सेलमध्ये काढायचा. पीडीएफमध्ये पानांची संख्या आणि मजकूर, एक्सेलमध्ये कुठल्या सेलमध्ये काय आहे ते ताडायचं. फूटरमध्ये रिपोर्ट चालल्याची वेळ छापलेली असेल तर तो फरक दरवेळी येणारच, तो आधीच वगळा, नाहीतर खरा फरक गर्दीत हरवतो. सगळे रिपोर्ट असे काढणं जमत नसेल तर नमुना निवडा, पण चिठ्ठ्या टाकून नाही. प्रत्येक स्कीमाच्या वर्षातला एक, टॅब्लिक्समध्ये चित्र असलेला एक, पार्श्वभूमीवाला एक, सबरिपोर्ट असलेला एक, असा निवडा.

चढवताना जुना रिपोर्ट पुसून नवा टाकू नका, त्याच्यावरच ओव्हरराइट करा. पुसला की त्याच्याबरोबर सबस्क्रिप्शन (ठरल्या वेळी रिपोर्ट आपोआप पाठवण्याची सोय), परवानग्या आणि इतिहासही जातो. चढवण्याच्या अगदी आधी सर्व्हरवरची प्रत पुन्हा एकदा उतरवून बॅकअपशी ताडा, मधल्या काळात कुणी बदल केला असेल तर ती फाइल थांबवा. रिपोर्ट सर्व्हरच्या डेटाबेसमधल्या कॅटलॉग टेबलमध्ये आरडीएल ठेवलेलं असतं आणि तिथून वाचून चित्रं असलेल्या फाइल्स शोधणं सोयीचं पडतं. वाचा जरूर, पण तिथे थेट अपडेट चालवू नका.

सही किंवा शिक्क्याचा प्रश्न असेल तर इतकं करूनही काम अर्धंच झालेलं असतं. सर्व्हरवर साठवलेले जुने स्नॅपशॉट त्या वेळच्या रिपोर्टसकट असतात, त्यांत चित्र तसंच राहतं, ते वेगळे शोधून काढावे लागतात. सोर्स कंट्रोलच्या इतिहासात जुनी फाइल असतेच. सबस्क्रिप्शनने सामायिक फोल्डरमध्ये टाकलेल्या आणि मेलने गेलेल्या पीडीएफ वेगळ्याच. आणि आपण काळजीने जपलेला बॅकअप, त्यातही ती सही आहे. तो कुणाला उघडता येईल आणि किती दिवस ठेवायचा, हे काम सुरू करण्याआधी संबंधितांकडून लेखी ठरवून घ्या.